बायबलपुढची साखर

गौलीगुडा, ऑक्टोबर १९४८. दिवेलागण.

अजून राग उतरला नाही.

दवाखान्यातल्या नर्स मेरीबाईंनी बायबल देताना सांगितलं होतं, "पहिल्या पानापासून नको, लूकच्या शुभवर्तमानापासून सुरू करा." पण पोथी अशी मधूनच कशी उघडायची? मी न्हाऊन, ते लाल फडक्यावर चौरंगावर ठेवलं, पुढे वाटीत साखर, अन् पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला बसले. तेवढ्यात धाकटे भावजी आले. पोथी चालू असताना कुणी बोलत नाही, म्हणून हात जोडून बसले. आकाश झालं, पाणी झालं, भावजी आपले मान डोलावताहेत. शेवटी साखर तोंडात टाकून म्हणाले, "कोणतं पुराण, वहिनी?"

मी सांगितलं.

अंगणात जाऊन थुंकले. मुठीतली साखर भिरकावली. "आता आपलं राज्य आलं, अन् तुम्ही आम्हाला बाटवता?"

आपलं राज्य! गेल्या महिन्यापर्यंत, निजामाचं राज्य होतं तोवर, यांच्या अंगावरची शेरवानी उतरत नव्हती. आमचे हे तापानं गेले, तेव्हा उशाशी मेरीबाई होत्या. हा सख्खा भाऊ फिरकला नाही.

लूकपासून सुरू केलं असतं तर पहिलं ख्रिस्ती नाव कानी पडताच उठले असते; एवढं तरी ऐकलं असतं का त्यांनी?

साखरेला मुंग्या लागल्यात. एकीनंही विचारलं नाही, कोणत्या पोथीची.