राजपुत्राचा गुडघा

येलहंका, बंगळूर
रविवार, १९ जुलै १९९८

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? रुसू नकोस, मी विचारणारच. ह्यांची कारखान्यात सकाळपाळी आहे. अद्वैतचा गुडघा पुन्हा सुजला होता, आता उतरतोय. शेजारच्या धनलक्ष्मीअक्का त्याच्यासाठी बर्फ घेऊन येतात आणि "स्वल्प कॉफी कुडीरी", थोडी कॉफी प्या, म्हणून मलाच खाली बसवतात.

परवा रशियाच्या शेवटच्या झारचं, त्याच्या बायको-मुलींचं रीतसर दफन झालं, ऐंशी वर्षांनी. टीव्हीवर दाखवलं. हे घराणं मी नववीला शिकवते. सोळा वर्षांच्या भेदरलेल्या पोराला लोकांनी हातापाया पडून गादीवर बसवलं, आणि तीनशे वर्षांनी त्याच घराण्याला तळघरात गोळ्या घातल्या. मुलं कारणं घोकतात: युद्ध, भूक, जुलूम. खरीच आहेत ती. पण एक कारण मी नेहमी घाईनं उरकायची. त्यांच्या एकुलत्या एका राजपुत्राला हिमोफिलिया होता. जरा पडला की आतल्या आत रक्त वाहायचं, थांबायचं नाही. रोग आईकडून आलेला, तिच्या माहेरचा. राजाराणीनं तो लपवून ठेवला. राणी पोराच्या दुखण्यापायी एका बुवाच्या एवढी नादी लागलीय, हे प्रजेला कळेना. लोकांनी नको ते अर्थ काढले आणि घराण्याची उरलीसुरली अब्रू गेली.

अद्वैत शेजारीच बसला होता. म्हणाला, "आई, त्याला बर्फ लावायचे का गं?"
"लावत असतील."
"मग तो कुठाय?"
त्याची हाडं अजून सापडलेली नाहीत, हे मी सांगितलं नाही.

इथल्या डॉक्टरांनी मला विचारलं, "तुमच्या आईला भाऊ होता?" होता ना. मल्हारमामा. लहानपणी दात पडला आणि रक्त जाऊन जाऊन गेला. आपल्याकडे दृष्ट लागली म्हणतात. आई, ती दृष्ट नव्हती. तुझा दोषही नाही, हे शंभरदा सांगेन. अद्वैतला तोच रोग आहे.

तू म्हणालीस, मुग्धाचं लग्न होईपर्यंत ब्र काढायचा नाही. धाकट्या बहिणीला पत्र लिहिणार नाही, फोन करणार नाही, असा मी शब्द दिला. तो पाळते आहे. हे पत्र तुलाच आहे. पण डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत तुझी पत्रं तीच वाचून दाखवते, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. चिडायचं तर खुशाल चीड. नारळीपौर्णिमेनंतर सुपारी फुटणार. त्याआधी तिला कळलंच पाहिजे.

मुग्धा, थांबलीस ना? वाच. आईला ऐकू जाईल असं वाच. ती रडायला लागली तर हात धर तिचा, पण वाच. तुझ्यात हे असेल किंवा नसेलही; आपल्याला बहुधा त्रास होत नाही, पण मुलात उतरू शकतं. रक्त तपासता येतं. मिळेल त्या गाडीने इकडे ये, डॉक्टरांकडे मी बरोबर येते. मग गुरुराजला तू स्वतः सांग. नवरा म्हणून तो कसा आहे, तेही तेव्हाच कळेल. लग्न कर, मुलं होऊ दे, नको वाटलं तर नको, ठरवायचं तू.

अद्वैत मला हवाच आहे, जसा आहे तसा. पण तो पहिल्यांदा पडला, गुडघा टम्म सुजला, तेव्हा मी गरम तेल घेऊन चोळत बसले. तो ओरडत होता आणि मी, "थांब राजा, बरं वाटेल," म्हणत आणखी जोरात चोळत होते. चोळायचा नसतो गं तो. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

तुम्हा दोघींची,
नीलिमा