परदेशी गाडी आणि मागे उरलेल्या वस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सहासष्ट, लिफ्ट-दुरुस्ती खात्यातून निवृत्त, विधुर, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. हे लिहायला मला कोणीही भाग पाडलेले नाही. भाग पाडायला घरात दुसरे माणूसच नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात सर्व काही एकुलत्या एक मुलीला दिले होते. फोनवर वाचून दाखवले, तर म्हणाली, "बाबा, मला त्या घरातला चमचासुद्धा नको. आणि गाडीचं तर नावच काढू नका." नऊ वर्षांत ती या घरी आलेली नाही. तिने एकदा यावे, एवढीच माझी इच्छा उरली आहे, आणि पुढची कलमे त्या दृष्टीने वाचावीत.

कलम १. गाडी. गडद हिरवी, दोन दारांची, डाव्या हाताला स्टिअरिंग. परदेशातल्या अकरा वर्षांच्या नोकरीत मी हौसेची घेतलेली ही एकच वस्तू. परत आलो तेव्हा तिच्यावरचे आयात शुल्क तिच्या किमतीच्या दुपटीहून जास्त निघाले. म्हणून ती तात्पुरत्या परवान्यावर आणली. नियम असा की सहा महिने झाले की गाडी सरहद्दीपार न्यायची, एक रात्र तिकडे काढायची आणि नवा शिक्का घेऊन परत आणायची. बावीस वर्षांत त्रेचाळीस वेळा नेली. मोटारप्रेमी मंडळाच्या अध्यक्षांनी माझे नाव 'पाहुणे' पाडले आणि प्रदर्शनात माझी गाडी नेहमी मुतारीच्या बाजूला उभी करवली. त्यांना मी गाडीचे जुने झाकण-कापड देतो. त्याला तीन भोके आहेत, ती त्यांनी मोजून घ्यावीत.

कलम २. हे कलम कोणाला काही देत नाही, तरी ते राहू द्यावे. परवान्याचा दुसरा नियम असा की परवानाधारक आत बसलेला नसेल तर गाडी दुसऱ्या कोणी चालवायची नाही, नाहीतर जप्ती. माझ्या पत्नीला माझ्यापेक्षा चांगली गाडी चालवता येत असे. एका मंगळवारी सकाळी अकराला तिच्या छातीत कळ आली. मी कामावर होतो. मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची, नुकती गाडी शिकलेली. तिने फोन केला. "बाबा, आईला बरं नाही. मी गाडी काढू का?" मी म्हणालो, "वेडी आहेस का? पकडली तर गाडी जाईल. टॅक्सी बोलाव." टॅक्सी पस्तीस मिनिटांनी आली. पत्नी वाटेतच गेली.

लोकांना मी सांगत आलो की टॅक्सी उशिरा आली. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. मुलीसमोरसुद्धा मी तेच सांगितले, आणि ती उठून आत गेली. महिन्याभरात ती वसतिगृहात गेली. पुढच्या फेरीला सरहद्दीवरच्या कस्टम्स अधिकाऱ्याला मी सहज म्हणून विचारले. त्याने नियमांचे पुस्तक उघडून दाखवले. "अहो, आजारपणात कुणीही चालवली तरी चालते. हे बघा ना, इथेच आहे." बाकीचे सगळे पान मला पाठ होते.

त्यानंतरही मी सतरा वेळा गाडी तिकडे नेऊन आणली. का, ते मला सांगता येत नाही. त्या चौकीवर कोणीतरी "या, कसे आहात?" असे विचारायचे, हेही एक कारण असेल.

कलम ३. मी गेल्यावर परवाना संपतो. मग तीस दिवसांत शुल्क भरा, गाडी देशाबाहेर काढा, नाहीतर ती सरकारजमा होऊन चेचली जाते. म्हणून माझे राहते घर विकावे, संपूर्ण शुल्क भरावे, गाडीची कायमची नोंदणी करावी आणि ती माझ्या मेकॅनिकला द्यावी. बावीस वर्षे त्याने तिची निगा राखली आणि तेवढी वर्षे मला शेजारी बसवूनच ती चालवली. माझी हत्यारेही त्यालाच. टॉर्क रेंच तर त्याने आधीच नेलेला आहे, मला माहीत आहे. घराच्या विक्रीतून काही उरल्यास ज्या इस्पितळापर्यंत पत्नी पोहोचली नाही, त्याला द्यावे. या सर्वाची अंमलबजावणी माझे वकील करतील.

कलम ४. मुलीला मी काहीही देत नाही. हे रागाने नाही. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, केलंत तर त्याचं देणं बाद होतं. आयुष्यभर मी नियमांतल्या फटी शोधल्या. ही एक कामाची सापडली. मी मुलीला फोन केला.

"एका सहीसाठी येशील का?"

"मला काही मिळणार नाही, हे नक्की?"

"नक्की. वकिलांना विचार हवं तर."

मग म्हणाली, "शनिवारी येते. सही करून लगेच निघेन."

मला तिची फार आठवण येते. हे कलम कायद्याला लागत नसेल तर वकिलांनी कंसात टाकावे, खोडू नये.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमक्ष सही केली.

मृत्युपत्र करणारा: (सही)

साक्षीदार पहिला: कस्टम्स अधिकारी, सरहद्द चौकी. (सही) यांना काही ठेवलेले नाही. कस्टम्सवाल्याला भेट देणे गुन्हा आहे.

साक्षीदार दुसरी: मृत्युपत्र करणाऱ्याची मुलगी. (सही)

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. तारीख: महिन्याचा दुसरा शनिवार.

सहीनंतरची नोंद, माझ्याच हातची: मुलीने सही करण्यापूर्वी सर्व कागद वाचला. कलम दोन तिने दोनदा वाचले. "हे तुम्ही लिहिलंत?" एवढेच विचारले. मी हो म्हणालो. तिने सही केली. अधिकारी चहा घेऊन निघून गेले. ती तीनला आली होती, आता सव्वापाच झाले आहेत, आणि अजून ती बसलेली आहे.