पळीचं नाक

हमरापूर, गुरुवार, संध्याकाळ

आज माझी नात सायली आली होती. ती घरातल्या वस्तू मांडून माणसांची गमतीशीर तोंडं करते. आज माझं केलं, सुपात. काथ्याचे केस, लसणीचे दात, मधला एक पडलेला, आणि नाक म्हणजे माझी पळी! म्हटलं, "एवढं मोठं नाय गो माझं!" तर म्हणते, "आजी, लहानच केलंय." किती हसलो दोघी.

डोळे मात्र मला लावायला दिले. गणपतीच्या कारखान्यात जन्मभर मीच डोळे आखले ना. आता हात कापतो. पण वालाचे दोन दाणे नीट बसले, आणि ते तोंड माझ्याकडे बघायलाच लागलं की!

दुपारच्या गाडीने ती पनवेलला गेली. जाताना म्हणाली, "मोडून टाक हां, पळी लागेल तुला."

लागलीच. आमटी झाली, वाढू कशाने? पण आमच्यात डोळे आखले की विसर्जनापर्यंत मूर्ती मोडत नाय. हे तिला ठाऊक नाय? का ठाऊक होतं म्हणूनच डोळे मला दिले?

आमटी वाटीनेच घेतली, बोट भाजलं. सूप समोर ठेवून जेवले. नाक मोठंच हाय गो माझं. तिला सांगायचं राहिलं.