बावन्न ठोक्यांचा तुकडा

ता. १४ ऑगस्ट

प्रिय भिंगरीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही सगळे बरे आहोत. म्हणजे तुझी वहिनी बरी आहे आणि ती म्हणेल तोवर मीही बराच. नृत्यशाळेतल्या पियानोला नवी चाकं बसवली. सूर लावणारा येऊन गेला. म्हणाला, "वाद्य धडधाकट आहे, वाजवणाऱ्याचं बघा." तरी त्याला चहा पाजला.

भाचीची परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि पियानोवर मामाच हवा म्हणून ती अडून बसलीय, असं तू लिहिलंस. वाचून ऊर भरून आला. मग खाली तिच्या तुकड्याचं नाव वाचलं आणि पत्र टेबलावर पालथं ठेवलं. चार दिवस ते तसंच होतं.

तोच तुकडा. बॅलेतला संथ, एकटीनं नाचायचा. काळी एकची पट्टी, मिनिटाला बावन्न ठोके. आपल्या नाचाच्या बाई शिकवताना म्हणायच्या, "हा दुःखाचा नाही. रडून झाल्यावर तोंड धुऊन बसलेल्या माणसाचा आहे." अठ्ठावन्नवर वाजवला तर तेच माणूस बाजाराला निघाल्यासारखं वाटतं आणि पंचेचाळीसवर नेला तर नाचणारीचा पाय हवेतच लटकत राहतो. इतकं बारीक काम आहे ते. बघ, लिहायचं ते सोडून मी शिकवणीच घ्यायला लागलो.

आता लिहितोच. एकोणीस वर्षं झाकली मूठ सव्वा लाखाची करून बसलो होतो.

नृत्यमंडळीत निवड व्हायची तुझी ती परीक्षा. मी पियानोवर, समोर आरसा. आरशात मला तुझा डावा घोटा दिसत होता, बुटाच्या फितीवर फुगून आलेला. तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस. मला वाटलं, पोरीचे हाल लवकर संपवावेत. आणि मी लय वाढवली. चुकून नव्हे, चांगलं समजून उमजून. साठ असेल, जास्तच असेल. तुझा पाय वर पोचायच्या आत माझे सूर पुढे निघून गेले, तू ते गाठायला गेलीस आणि तोल जाऊन खाली आलीस. परीक्षकांनी शेरा मारला, "संगीताकडे लक्ष नाही." कुणाबद्दल, तर तुझ्याबद्दल! नळ ठिबकत असला तरी त्याच्या ठेक्यावर पाय हलवणारी तू.

लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. तुझं अंगण खरंच वाकडं होतं आणि ते वाकडं करणारा तुझा सख्खा भाऊ होता. जिन्यात तू मला म्हणालीस, "दादा, छान वाजवलंस." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तुझी पिशवी उचलली आणि बस बघायला पुढे गेलो.

तू नाच सोडलास, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायला लागलीस. आईनं तुझे बूट कपाटात जपून ठेवले. मी रोजच्या वर्गांना वाजवतो, पण त्या दिवसानंतर एकाही परीक्षेला पियानोवर बसलो नाही. कुणी विचारलं की पाठदुखी सांगतो.

हे वाचून मी नको असेन तर दुसरा चांगला वाजवणारा मीच शोधून देईन. पण उत्तर लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा अपराधी,
दादा

*

ता. २२ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. शिव्या मागितल्यास म्हणून आधी त्याच. गाढवा, एकोणीस वर्षं! तुझं पत्र दुकानातच फोडलं. समोर एक आजोबा बसले होते, त्यांना मी तक्त्यावरची तीच ओळ तीनदा वाचायला लावली. बिचारे घाबरले, डोळे गेले की काय म्हणून.

लय वाढलेली मला दुसऱ्याच मात्रेला कळली होती. तू नियम विसरलास का रे? पहिल्या आठ मात्रांत नाचणारीनं उजवा हात वर केला की वाजवणाऱ्यानं थांबायचं आणि ठरल्या लयीत पुन्हा सुरू करायचं. एकही मार्क जात नाही. बाईंनी आमच्याकडून हे इतकं घोटून घेतलं होतं की मी झोपेतसुद्धा हात वर केला असता. त्या दिवशी केला नाही.

कारण मला नाचायचं नव्हतं, दादा. वर्षभर नको नको झालं होतं. पण बाईंनी माझ्यामागे दहा वर्षं घालवलेली, आई रोज वर्गाला सोडायला येणारी, पियानोवर तू. नाही म्हणायचं ते कुणाच्या तोंडावर? तू घाई केलीस आणि मला वाट दिसली. तोल गेला तेव्हा सावरता आला असता. मी सावरला नाही. जिन्यात म्हणाले तो टोमणा नव्हता, आभार होते ते.

आई असेपर्यंत हे सांगायचा धीर झाला नाही. नंतर वाटलं, आता कशाला उकरून काढायचं? तू ते पोटात घेऊन बसला असशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तुझी पाठदुखी खरी समजून मी दर थंडीत मलम पाठवत राहिले! चुकलं माझंही, आणि तुझ्यापेक्षा जास्त चुकलं. पत्र वाचून आधी रडले, मग हसले, मग सडकून भूक लागली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

लेक माझ्यासारखी नाही. तिला मनापासून नाचायचंय. काल सरावाला तिनं कुणाचंतरी ध्वनिमुद्रण लावलं होतं. पाचव्या मात्रेला हिचा हात वर. म्हटलं, "काय झालं गं?" म्हणाली, "आई, हे घाई करतात. मामा बघ, अजिबात घाई करणार नाही."

मी ध्वनिमुद्रण बंद केलं. काय ते उत्तर तूच येऊन दे, पियानोवर बसून.

तुझी, त्या दिवशी तुझ्यामुळे न पडलेली,
भिंगरी