चारशे बारा बोळकी

४ मार्च, सकाळी
प्रोबेशन संपायला बारा दिवस. साहेब मला परमनंट करणारच. तरी संकल्प: एकही चूक नाही. सध्याचं काम, दातांच्या दवाखान्याचा प्रोग्राम. जुन्या पेशंटांच्या यादीत ‘दात किती’ हा रकाना चारशे बारा जणांचा रिकामा. कधी कोणी मोजलेच नाहीत. प्रोग्राम तिथे ‘नल’ दाखवतो. नल म्हणजे माहीत नाही. काय हा बेजबाबदारपणा!

५ मार्च
शाळेआधी मला आईने घरीच शिकवलं. पहिला धडा: कागदावर जागा रिकामी सोडायची नाही. म्हणून सगळ्या नलच्या जागी शून्य भरलं. यादी कशी देखणी दिसते! सीनियर ताईंना विचारणार होते, पण त्या जेवत होत्या.

५ मार्च, संध्याकाळी
ताई आपणहून म्हणाल्या की नलला हात लावू नकोस गं बाई, माहीत नाही आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. मी हो म्हटलं. मोठ्यांना उलट बोलू नये. शून्य तसंच ठेवलं.

९ मार्च
छातीत धडधड. यादी सहा वेळा तपासली. एकही जागा रिकामी नाही. मग धडधड चहामुळेच. उद्यापासून चहा बंद.

१० मार्च
चहा दोनदा. साहेबांनीच विचारलं, नाही कसं म्हणणार?

१२ मार्च, दुपारी
प्रोग्राम सुरू! शून्य दातवाल्यांना तो आपोआप मेसेज पाठवतो: ‘आपले सर्व दात गेले आहेत. कवळीवर खास सवलत.’ चारशे बारा मेसेज गेले. एकही अडकला नाही.

१२ मार्च, चार वाजता
दवाखान्यातून फोन. एक पहिलवान काउंटरवर बत्तीशी दाखवत उभा आहे. एका नवऱ्या मुलीचा मेसेज होणाऱ्या सासूबाईंनी वाचला. तिथले डॉक्टर आमच्या साहेबांना म्हणाले की तुमच्या त्या पोरीला विचारा, तिच्या तोंडात किती उरलेत. साहेबांनी विचारलं नाही. मोठं मन. खरा दोष मेसेज लिहिणाऱ्याचा, भाषा फारच रोखठोक.

१६ मार्च
परमनंट नाही. प्रोबेशन आणखी तीन महिने. म्हणजे माझ्यावाचून त्यांचं अडतंय. नवी जबाबदारी: चारशे बारा जणांना फोन करायचा, माफी मागायची, दात विचारायचे.

१७ मार्च
नऊ फोन. आठ जणांनी आदळले. नवव्या आजीबाई म्हणाल्या, थांब हं, मोजते. अकरा मिनिटं मोजत होत्या. मग म्हणाल्या की मेलं मध्येच चुकलं, आता तूच काय ते लिही.
बोट शून्यावर गेलं होतं. उचललं. रकाना तसाच सोडला. पुढचा नंबर लावला.