पेटीतल्या कार्डाआधी

टॅव्हिस्टॉक, सोमवार

प्रिय आई,

मी सुखरूप आहे. टाचेला फोड आलाय, पण तू विणलेल्या मोज्यांनी लाज राखली. बाबांचा खोकला कसा आहे?

थोड्या दिवसांत तुला माझं एक कार्ड मिळेल. काल आमच्या चॅपलमधले, म्हणजे प्रार्थनामंदिरातले, आम्ही आठ जण डार्टमूरच्या माळावर दिवसभर चाललो. तिथे एका खडकाळ माथ्यावर पत्रांची पेटी आहे. आपण कार्ड ठेवायचं आणि मागून येणाऱ्या वाटसरूने ते टपालात टाकायचं, अशी रीत आहे. मी लिहिलंय, "आज सगळ्यांच्या मागून चालून माणसं मोजायचं काम माझ्याकडे आहे. एकही माणूस मागे राहिलेला नाही."

हे वळणदार अक्षरात लिहिताना मी मोजायचंच विसरलो. पुढच्या टेकडीवर धुक्यात मोजले, तर सातच. साठीच्या मिस हेक्स्ट नव्हत्या. बूट झटकायला त्या खडकाआड बसल्या होत्या.

आम्ही परत गेलो. त्या पेटीपाशीच होत्या, ओठ निळे पडलेले.

"ये रे बाबा," त्या म्हणाल्या. "वेळ जाईना म्हणून तुझं कार्ड वाचलं. एकही माणूस मागे राहिलेला नाही म्हणे! मग मी कोण, मेंढी?"

सगळे हसले. मला मान वर करवेना. कार्ड काढायला मी पेटीत हात घातला, तर आमचे म्होरके एंडाकॉट म्हणाले, "राहू दे. ठेवलेलं पत्र आपणच परत घ्यायचं नसतं."

उतरताना मी दर शंभर पावलांनी मोजत होतो. मिस हेक्स्ट दर वेळी "हजर!" म्हणत होत्या.

ते कार्ड तू मावशीला वाचून दाखवशीलच. दाखव, पण लगेच हेही वाच.

तुझा,
क्लेमंट