दाराची वरची कड

प्रिय ढब्बू,

तू अध्यक्ष झाल्यापासून तुला या नावाने हाक मारू नये, असं तुझ्या बायकोने मला मागे सुचवलं होतं. पण अध्यक्षांना लिहायचं तर अर्ज करावा लागेल, आणि अर्ज तू वाचत नाहीस हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. माझा फोनही उचलत नाहीस, त्याला आता चार महिने झाले. म्हणून हे पत्र दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाती देते आहे. त्यांना तू दारातून परत पाठवणार नाहीस, कारण त्यांच्याबरोबर तुझे फोटो निघतात.

तुझ्या त्या ‘निरोगी घर भागीदारी’चा फलक परवा पाहिला. दवाखाना, शाळा, घरमालक, भाडेकरू, हार्डवेअरवाला, सगळे खांद्याला खांदा लावून उभे आणि मधोमध तू, पोट आत ओढून. फलकाच्या लाकडी चौकटीचे पोपडे निघालेत, ते मात्र कोणाच्या नजरेस पडले नाहीत. जुन्या घरांच्या रंगात शिसं असतं, त्याची धूळ पोरांच्या पोटात जाते आणि त्यांची डोकी कायमची मंदावतात, एवढं सांगायला तुम्ही तीन बैठका घेतल्यात. पहिलीत नाव ठरलं, दुसरीत अध्यक्ष, आणि तिसरीत चहा गार होता म्हणून वाद झाला. मी मागच्या बाकावर स्वेटर विणत बसले होते. त्या खोलीत पुढे सरकलं ते तेवढंच.

आणि अध्यक्षांचं स्वतःचं काम काय, तर तुझ्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या अडीच वर्षांच्या मुलीच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा तू चार माणसं लावून तिच्या खिडक्या कोरड्या पॉलिश पेपरने घासून घेतल्यास. वर पांढरा हात मारलास आणि ‘नवा रंग दिला’ म्हणून टेंभा मिरवलास. रंगाऱ्याचा मुलगा ना तू? आधी ओलं करून मग खरवडायचं, खोलीला प्लास्टिक लावायचं, तेवढे दिवस पोरांना दुसरीकडे ठेवायचं, हे हार्डवेअरवाल्याने चित्रांसकट छापून दुकानात लावलं होतं. महिन्याभराने त्या मुलीच्या रक्तातल्या शिशाचा आकडा दुप्पट झाला. त्यावर भर बैठकीत तू तोंड वर करून म्हणालास की तिची आई तिचे हात धूत नाही. ती बाई तिथेच बसली होती. मग मी विणकाम बाजूला ठेवून उठले आणि म्हणाले, “याच्या डोक्यात लहानपणापासून भुसा आहे, याचं काय ऐकता.” सगळे हसले, ती बाई सोडून. तेव्हापासून तू माझ्याशी बोलत नाहीस.

तुझं काही अडलेलं नाही, तसं आमचंही नाही. नर्सबाईंकडे शिसं लागलं की लाल होणाऱ्या तपासणीच्या काड्या मोजक्या आणि घरं दोनशेच्या वर. कोणतं आधी बघायचं यावर तुमच्या शहाण्या मंडळींनी बाहेरून तज्ज्ञ बोलावायचं ठरवलं. मी म्हटलं, तज्ज्ञ राहू द्या, मला एक स्टूल आणि एक आरसा द्या. तुला आठवतं का रे, बाबा दाराची वरची कडसुद्धा रंगवायचे? ती कोणाला दिसत नाही, म्हणून बाकीचे रंगारी ती सोडून द्यायचे आणि बाबांना हसायचे. उघड्या लाकडात ओल शिरते, एवढंच बाबा म्हणायचे आणि ब्रश फिरवायचे. त्यांच्यानंतर जे आले, ते दिसेल तेवढं रंगवून गेले. म्हणजे वरची कड रंगलेली दिसली की दार आपल्या बाबांचं, आणि त्या कडेवर त्यांचाच जुना रंग, कोणाचा हात न लागलेला. मी स्टुलावर चढते, आरसा धरते, नर्सबाई काडी घासतात आणि काडी लाल होते. अशी एकसष्ट घरं निघाली. खरवडायच्या दिवसांत शाळेच्या बाई पोरांना शाळेतच ठेवून घेतात. तुझी भागीदारी चालली आहे ती अशी, तुझ्याशिवाय.

बाबांची मात्र मला लाज वाटत नाही. ‘माझा रंग पोरांनी चाटला तरी उतरणार नाही,’ असं ते छाती फुगवून सांगायचे. रंगात शिसं आहे हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी त्यांना सांगितलं नाही, आणि शेवटी शेवटी त्याच शिशापायी त्यांच्या हातात ब्रश ठरत नव्हता. लाज वाटते ती ठाऊक असून कोरडं घासणाऱ्यांची. हे वाक्य मी तुझ्यासाठी तयार ठेवलं होतं, चांगलं चार महिने.

आता तुझी गोष्ट. मी जन्मले तेव्हा घडी घातलेल्या चादरीवर, ट्रंक आणि भिंतीच्या मधे निजायचे. सहा वर्षांनी तू आलास, मुलगा झालास, तर बाबांनी कठड्याची खाट बनवली. दारांचा उरलेला हिरवा रंग पाच हात दिला, आरशासारखा चमकायचा. त्या खाटेवर माझा इतका राग होता की मी तिला येता-जाता लाथ मारायचे. तू आत उभा राहून उंदरासारखा कठडा कुरतडायचास. आई म्हणायची, दात येतायत, कुरतडू दे. मग तू शाळेत गेलास. चौथीपर्यंत तुला दोनचा पाढा येईना, एका जागी बसवेना, राग आला की पाटी भिरकावायचास. तू मार खायचास आणि मी बक्षिसं आणायचे. ढब्बू हे नाव मीच ठेवलं, आणि ते घरात, गल्लीत, शाळेत मीच पसरवलं. पन्नास वर्षं माझी करमणूक झाली आहे त्यावर.

आई गेल्यावर ती खाट माझ्याकडे आली आणि रिकामीच पडून राहिली, माझ्याकडे तिच्यात निजायला कोणी नव्हतं. तुझ्या नातवाला सातवा महिना लागला तेव्हा मी ती बाहेर काढली. तुझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी. गॅलरीत आठवडाभर बसून पॉलिश पेपरने घासली आणि पांढरा रंग दिला. कठड्यावरच्या तुझ्या दातांच्या खुणा बुजवायला मन झालं नाही, तेवढा भाग हलकाच पुसून ठेवला. हमालाकरवी पाठवली, त्याला आज तीन आठवडे झाले.

काल एका घरी आरसा पिशवीत ठेवत होते, तेव्हा तिथल्या पोरसवदा आईने विचारलं, “मावशी, दारं झाली, पण आमच्या जुन्या खाटेचं काय?” तिला अक्कल शिकवायला मी तोंड उघडलं. मला आमच्या गॅलरीत उलटी केलेली खाट दिसली. बाबांनी तिच्या चारही पायांचे तळसुद्धा रंगवले होते, हिरवे. आणि मी घासली होती ती कोरडी. स्टुलावर चढून गावाला शहाणपण शिकवणारी मी.

तिथूनच तुझ्या सूनबाईला फोन केला आणि सांगितलं की खाटेत ढेकूण आहेत, आत्ताच्या आत्ता अंगणात काढ, फरशी ओल्या फडक्याने पूस, बाळाचे कपडे धू. तिने लगेच विश्वास ठेवला, माझ्या घराबद्दल तिचं मत तसंच आहे. पण ढेकणांसाठी कोणी बाळाचं रक्त तपासत नाही, म्हणून हे पत्र. तू हे वाचतो आहेस तेव्हा नर्सबाई दारात उभ्या आहेत आणि पिशवीत सुई आहे. त्यांना आत घे. अध्यक्षांच्या नातवाचा आकडा आला तर लोक काय म्हणतील, हा विचार करू नकोस. दोष माझा आहे, तो मी येत्या बैठकीत उभी राहून सांगेन. वेळेत कळलं तर आकडा उतरतो, असं त्या म्हणतात. मी त्यांना आणखी एक विचारलं, की तुझं रक्त तपासता येईल का. त्या म्हणाल्या, इतक्या वर्षांनी त्यातून काही कळणार नाही. म्हणजे तू जात्याच तसा होतास की त्या खाटेने तुला तसा केला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. मी माझ्यापुरतं ठरवलं आहे, आणि पन्नास वर्षं हसले त्याची माफी मागते आहे. वरचं नाव मी आज शेवटचं लिहिलं. तुझी तळमजल्यावरची नवी बांधलेली खोली रिकामी आहे, ती तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलीला दे. तिला शाळेत कोणी तसल्या नावाने हाक मारू नये.

खाटेला लाथा मारणारी, तुझीच
ताई